विदर्भातल्या खेड्यात पाहुणा म्हणून जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ताडोबा, शेगाव, चिखलदरा करून परतणारे बरेच जण हल्ली विचारतात, की गावात दोन दिवस राहायचं, माणसांशी बोलायचं, तर सुरुवात कुठून करायची. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी ठेवली आहेत. बहुतेक उत्तरांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. गावाचा दिवस कामानं आधीच भरलेला असतो. त्यात आपण कुठे मावतो ते बघून जायचं.

१. विदर्भातली खेडी सगळीकडे सारखीच असतात का?

अजिबात नाही. पश्चिमेला वऱ्हाड: अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम, यवतमाळ. काळी माती, कापूस, तूर, सोयाबीन, ताटात ज्वारीची भाकर. वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड हा संत्र्यांचा पट्टा. पूर्वेला भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा काही भाग म्हणजे झाडीपट्टी. तिथे धानाच्या बांध्या (बांध घातलेली भातशेतं), मालगुजारीच्या काळातले तलाव (लोक ‘मामा तलाव’ म्हणतात) आणि दोन्ही वेळा भात. उत्तरेला मेळघाटात कोरकू, यवतमाळ आणि चंद्रपूरच्या डोंगराळ भागात कोलाम, भामरागडकडे माडिया. सिरोंच्यात तेलुगू कानावर पडते, तर मुलचेरा-चामोर्शीकडच्या काही गावांत बंगाली. पहिल्या खेपेला यातला एकच पट्टा धरा.

२. कोणत्या महिन्यात जावं?

हवा बघाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वऱ्हाडात कापसाची वेचणी आणि झाडीपट्टीत धानाची कापणी-मळणी असते. घरची सगळी माणसं सकाळी निघतात ती दिवस मावळायला परततात. दुपारी गावात पोचलात तर म्हातारी माणसं आणि कुलूपं भेटतील. गप्पा रात्री शेकोटीपाशी होतात, म्हणून या दिवसांत मुक्कामाचीच तयारी ठेवा. डिसेंबर-जानेवारीत रात्री कडाक्याची थंडी पडते.

मार्च-एप्रिल मोहफुलांचा हंगाम, मे महिन्यात तेंदूपत्ता (विडीची पानं). जंगलालगतच्या गावात या दिवसांत पहाटे घरं रिकामी होतात (प्रश्न १४).

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला दर वर्षी बातम्यांत असतात. तरीही वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला थोडी उसंत असते ती याच दिवसांत. पीक विकून झालेलं असतं, लग्नसराई असते, रात्री सगळं गाव अंगणात बाजा (खाटा) टाकून बसलेलं असतं. ज्यांना उन्हाची सवय आहे त्यांनी खुशाल एप्रिलमध्ये जावं. मात्र सकाळी अकरा ते दुपारी चार घराबाहेर पडायचं नाही, डोक्याला दुपट्टा, सोबत पाणी आणि मीठ-साखर.

जूनमध्ये पेरणी आणि जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी (भाताची लावणी). तेव्हा कुणालाच वेळ नसतो आणि काळ्या मातीच्या पांदण रस्त्यांवर चाकं रुततात. याला अपवाद पोळ्याचा (प्रश्न १७).

३. तीन दिवसांत किती गावं होतील?

एक. फार तर जवळची दोन. पहिला दिवस तुम्ही कोण, कुणाकडे उतरलात, कशासाठी आलात हे गावाला कळण्यात जातो. दुसऱ्या दिवशी माणसं आपणहून थांबून बोलतात. दिवसाला तीन गावं ठेवली की प्रत्येक ठिकाणी हा पहिलाच दिवस वाट्याला येतो. मग ‘लोक मोकळं बोलत नाहीत’ अशी तक्रार ऐकू येते, त्यात लोकांचा काही दोष नसतो.

४. ओळखीचं कुणीच नाही. राहायची सोय कशी करायची?

ओळख काढल्याशिवाय जाऊ नका, आणि ओळख काढणं वाटतं तितकं अवघड नाही. सरपंच, पोलीस पाटील, ग्रामपंचायत अधिकारी, जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक, आशाताई, यांतलं कुणीतरी फोनवर सापडतं. फोनवर चार गोष्टी सांगा: नावं, किती जण, किती रात्री, कशासाठी. ‘असंच फिरायला’ या उत्तरानं शंका येते. ‘तलावातली मासेमारी कशी चालते ते बघायचंय’ म्हटलं की लोक लगेच योग्य माणसाचं नाव सांगतात.

अगदी नवख्यांनी नोंदणी झालेल्या कृषी पर्यटन केंद्रापासून किंवा ताडोबाच्या वेशीवरच्या मोहर्ली, कोलारा अशा गावांतल्या घरगुती मुक्कामापासून सुरुवात करावी. तिथे दर ठरलेले असतात आणि माणसं पाहुण्यांना सरावलेली असतात.

रात्री मुक्काम असेल तर पोलीस पाटलांच्या कानावर घालाच. सोबत परदेशी नागरिक असेल तर यजमानाला त्याची नोंद सरकारकडे करावी लागते, त्यामुळे ते आधी सांगा. ऐनवेळी यजमान अडचणीत येतो.

५. स्वतःच्या गाडीनं जावं की एसटीनं?

एसटीनं गेलात तर गावात पोचायच्या आधीच निम्मं गाव ओळखीचं होतं. मुक्कामी गाडी सगळ्यात सोयीची. ती संध्याकाळी गावात येते, रात्री तिथेच थांबते आणि सकाळी तालुक्याला परत निघते. वेळ मात्र आगारात प्रत्यक्ष विचारा. शाळेच्या सुट्टीत आणि पावसाळ्यात फेऱ्या बदलतात. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पण ते राज्याच्या हद्दीपर्यंतच. देवरी, सिरोंच्याकडून पुढे दुसऱ्या राज्यात जाताना हे लक्षात ठेवा.

गाडी नेलीत तर ती वेशीवर किंवा शाळेच्या मैदानाजवळ लावा. गल्लीत लावली की संध्याकाळी परतणारी गुरं आणि बंड्या (बैलगाड्या) अडतात. पेट्रोल तालुक्यालाच भरून घ्या. दहा, वीस, पन्नासच्या नोटा जवळ असू द्या, कारण रेंज गेली की मोबाइलवरचे पैसे कामाचे नाहीत.

६. गावात गेल्यावर नमस्कार कसा करायचा? हाक काय मारायची?

वऱ्हाडात आणि झाडीपट्टीत ‘राम राम’ सगळीकडे चालतो. बौद्ध वस्तीत ‘जय भीम’, गोंड-माडिया गावांत ‘जोहार’ किंवा ‘जय सेवा’. समोरचा जे म्हणेल तेच परत म्हणणं सर्वांत सोपं. वडीलधाऱ्या पुरुषाला काकाजी, बाईला काकू किंवा मावशी, बरोबरीच्यांना भाऊ, ताई. वऱ्हाडी बोलण्यात म्हातारा माणूस तुम्हाला सरळ ‘तू’ म्हणेल. त्यात माया असते. तुम्ही मात्र ‘तुम्ही’च म्हणा, जोडीला ‘हो जी’ आलं तर उत्तम. त्यांची बोली ओढूनताणून बोलायला जाऊ नका; नक्कल केल्यासारखं वाटतं.

सपरीत (घरापुढच्या ओसरीत) बसायला सांगितलं तर तिथेच बसा. घरात, विशेषतः चुलीपाशी आणि देवघराशी, बोलावल्याशिवाय जायचं नाही.

७. घरी जेवायला थांबा म्हणाले. थांबावं का? पैसे द्यावेत का?

थांबा, पण वेळ सांगून. संध्याकाळचं जेवण असेल तर दुपारपर्यंत सांगा की किती जण आहात आणि मांसाहार चालतो की नाही. ‘काहीही चालेल’ हे उत्तर घरच्या बाईला सर्वांत जास्त कामाला लावतं. पाहुणा आला म्हणून गावरान कोंबडी कापली जाते, आणि ती कोंबडी त्या घराची अंडी असतात. शाकाहारी असाल तर हे आधीच कळायला हवं. पातोडीचा (बेसनाच्या वड्यांचा) रस्सा, वांग्याची भाजी, जवसाची चटणी, झाडीपट्टीत लाखोळीच्या डाळीचं वरण असा बेत असतो. तिखट झेपत नसेल तर पहिल्या घासाआधीच सांगा.

हाक आली की उठा. भाकर थापून तव्यावर पडते, वरून पाण्याचा हात फिरतो, उलटली जाते आणि शेवटी निखाऱ्यापुढे उभी राहून टम्म फुगते. ती त्याच क्षणी ताटात यायची असते. तुम्ही फोनवर बोलत बसलात की भाकर वातड होते आणि चुलीतलं सरपण फुकट जळतं. ते सरपण कुणीतरी डोक्यावरून आणलेलं असतं.

पाहुणे आणि घरचे पुरुष आधी जेवतात, रांधणारी बहुतेक घरांत शेवटी. म्हणून भाजी दुसऱ्यांदा मागताना भांड्यात किती उरली ते बघा. आपण तिसऱ्यांदा वाढून घेतलेला रस्सा तिच्या वाटणीचा असू शकतो.

पैशांचं असं: दर ठरवून राहिलात तर चोख द्या, घासाघीस नको. आपुलकीनं बोलावलं असेल तर जेवणाचे पैसे पुढे करू नका, अपमान होतो. निघताना घरातल्या लहान लेकराच्या हातावर, मोठ्यांसमोर, पैसे ठेवण्याची रीत मात्र इथल्या नातेवाइकांतही आहे आणि ती कुणाला खटकत नाही. तुमच्यासाठी एखाद्यानं दिवसाचं काम बुडवून गाव दाखवलं असेल तर त्या दिवसाची मजुरी द्यायचीच. हे आदल्या दिवशी स्पष्ट बोलून ठरवा.

८. खर्रा किंवा मोहाची दारू पुढे केली तर नाही कसं म्हणायचं?

चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर, भंडाऱ्याकडे खर्रा पुढे करणं ही बोलायला बसण्याची खूण आहे. सुपारी, तंबाखू, चुना घोटलेली ती पुडी घ्यायची काही गरज नाही. छातीवर हात ठेवून ‘नाही चालत जी, तुम्ही घ्या’ म्हटलं की पुरे. तंबाखूच्या तोट्यांवर तिथे भाषण नको. त्याऐवजी चहा मागितलात तर बसणं तुटत नाही. आदिवासी गावांत बहुधा कोरा चहा मिळेल. दूध विचारू नका.

दारूचं वेगळं. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. गोंड, माडिया, कोरकू समाजांत पूजेत मोहाच्या दारूला मान असतो. तो त्यांचा विधी. पाहुण्यानं विकत मागणं म्हणजे गावातल्या दारूविक्रीला गिऱ्हाईक होणं. ती विक्री बंद पाडायला याच गावांतल्या बायका वर्षानुवर्षं झटल्या आहेत. दारूबंदीच्या जिल्ह्यात बाटली सोबत नेणं तर सरळ गुन्हा.

९. मुलांसाठी चॉकलेट, वह्या, जुने कपडे न्यावेत का?

गल्लीत उभं राहून वाटू नका. एकदा वाटलं की पुढच्या प्रत्येक गाडीमागे मुलं धावतात, आणि ज्या मुलाच्या हाती काही आलं नाही त्याचं तोंड कुणी बघत नाही. वह्या, गोष्टींची पुस्तकं, चेंडू असं काही न्यायचं असेल तर शाळेत मुख्याध्यापकांना आधी विचारा आणि पटाइतकंच न्या. वापरलेले कपडे नेऊच नका. यजमानाच्या घरासाठी तुमच्या गावचं काहीतरी खाण्याचं पुरतं. कोकणातून आलात तर कोकम, नाशिककडून मनुका.

१०. पाणी, अंघोळ आणि शौचालयाचं काय?

पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलडाण्याच्या काही तालुक्यांत, खारपाणपट्टा आहे. तिथलं बोअरचं पाणी खारट लागतं आणि गोड पाणी लांबून येतं किंवा विकत घ्यावं लागतं. यवतमाळ आणि चंद्रपूरच्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. गावकरी ज्या स्रोताचं पितात तेच प्या. सोबत गाळणीची बाटली असेल तर उत्तम. प्लॅस्टिकच्या बाटल्यांचा खच गावात टाकून येऊ नका, तिथे कचऱ्याची गाडी येत नाही.

अंघोळीला एक बादली, तीही उन्हाळ्यात भरलेली नको. न्हाणीघरातल्या गुंडात (मोठ्या भांड्यात) पाणी कुणी भरलं ते एकदा सकाळी उठून बघा, मग सांगायची गरज उरणार नाही. शौचालय कुठे आहे हे पोचल्यावर घरातल्या बाईला (पुरुषांनी पुरुषाला) नि:संकोच विचारा. पॅड स्वतःच्या पिशवीत बांधून शहरात परत आणा.

११. फोटो कधी काढावेत?

पहिल्या दिवशी कॅमेरा बाहेर काढू नका. दुसऱ्या दिवशी विचारून काढा, आणि ‘हो’ म्हटलं तरी आधी त्या माणसाला उभं राहायचं, पदर सावरायचा, शर्ट बदलायचा वेळ द्या. तुम्हाला कामाच्या मळक्या कपड्यांतला ‘खरा’ फोटो हवा असतो. त्यांना आपला चांगला फोटो हवा असतो. त्यांचं ऐकावं. अंघोळीच्या जागा, पाणवठा, कुणाचं आजारपण, शोक आणि देवाच्या जागा सोडून द्या. मुलांचे फोटो नाव-गावासकट कुठेही टाकू नका.

काढलेले फोटो छापून पाठवा. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या पत्त्यावर टपालानं सहज पोचतात. मोबाइलवर पाठवलेला फोटो हँडसेट बदलला की जातो. छापलेला भिंतीवर लागतो.

ड्रोनची परवानगी नसेल तर उडवू नका. व्याघ्र प्रकल्पात आणि गडचिरोलीत तर विषयच नको. गोंदियाकडे पावसाळ्यात सारस पक्षी धानाच्या बांधीत घरटं करतात. त्यांच्यापासून लांबच थांबा. माणूस जवळ आला की जोडी घरट्यावरून उठते आणि अंडी उघडी पडतात.

१२. शेतकरी आत्महत्या, वाघाचे हल्ले, यांबद्दल विचारलं तर चालतं का?

तुम्ही काढू नका. यवतमाळच्या कित्येक गावांत पत्रकार, अभ्यासक, पुढारी येऊन गेले. घरच्या बाईनं तीच कहाणी दहादा सांगितली आणि तिच्या हाती काहीच आलं नाही. ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडे ज्या घरातलं माणूस वाघानं नेलं तिथे ‘तुम्हाला वाघ दिसतो का हो?’ हा कौतुकाचा प्रश्न जखमेवर मीठ चोळतो. त्यांनी आपणहून काढलं तर ऐका, मध्ये उपाय सुचवू नका, रेकॉर्डिंग नको.

बोलायला दुसरं भरपूर आहे. यंदा पाऊस कसा, कोणतं बियाणं लावलं, तुरीला काय भाव, कोणत्या झाडाचं लाकूड कशाला वापरतात. माणूस आपल्या कामाविषयी विचारलं की खुलतो. कर्ज, जमीन किती, जात, मूल का नाही, हे प्रश्न पहिल्या भेटीत नकोत.

१३. कापूस वेचायला, रोवणी करायला आम्हीही उतरू का?

उतरा, पण त्यामागचा हिशेब समजून. कापसाची वेचणी किलोवर असते. तुम्ही तासभर जे वेचाल ते ज्या बाईच्या शेजारी उभे आहात तिच्या ओटीत टाका, म्हणजे तिच्या वजनात धरलं जाईल. दव असताना वेचलेला कापूस ओला राहतो, म्हणून ऊन वर येऊ द्या. बोंडाचं टोकदार टरफल बोटांना चिरतं. बाहीचा जुना शर्ट घाला. कापसाला वाळलेल्या पानाचा चुरा लागला की भाव पडतो, म्हणून घाई न करता पाकळीतून नुसती सरकी-रुई ओढून घ्या, आणि पिवळी पडलेली कवडी वेगळी ठेवा.

धानाची रोवणी बहुतेक ठिकाणी बायकांचे गट ठेक्यानं घेतात. तुमच्यामुळे ओळ वाकडी झाली, रोप खोल गेलं तर त्यांना पुन्हा लावावं लागतं आणि वेळ त्यांचा जातो. एका कोपऱ्यात दोन ओळी मागून घ्या, तेवढं पुरे. चालायचं धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून.

फवारणी झालेल्या शेतात जायचं नाही, तिथलं तोडून खायचंही नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली होती. शेत कुणाचंही असो, शिरण्याआधी ‘फवारलंय का?’ एवढं विचाराच.

१४. मोहफुलं वेचायला जंगलात जाता येईल का?

ज्यांची झाडं त्यांच्यासोबत, त्यांनी नेलं तर. जंगलातल्या मोहाच्या झाडालाही राखणारं घर असतं. पिढ्यान्‌पिढ्या एकच कुटुंब तिथं वेचतं. झाडाखाली पसरलेली पिवळसर, गोड वासाची, बोटांना चिकटणारी फुलं बघून पिशवी भरायचा मोह होतो. ती कुणाच्या तरी घरचं वर्षभराचं तेल-मीठ आहेत.

दुसरं कारण जिवाचं. फुलं पहाटे गळतात, वेचणारा वाकलेला असतो, आणि वाकलेलं माणूस वाघाला सावजासारखं दिसतं. या हंगामात हल्ले वाढतात ते यामुळे. एकट्यानं, अंधारात किंवा कानात गाणी लावून मुळीच नाही. झाडाखालचा पाचोळा जाळू नका, काडीपेटी-बिडी घरी ठेवा. उन्हाळ्यातले कितीतरी वणवे इथूनच पेटतात.

अडचण आली तर वन विभागाचा १९२६, रुग्णवाहिकेचा १०८, पोलिसांचा ११२. साप चावला तर बांधाबांध, चिरे देणं, मांत्रिक काही नको. चावलेला अवयव न हलवता थेट ग्रामीण रुग्णालयात न्या.

१५. माडिया, कोलाम, कोरकू गावांत जाताना वेगळं काय पाळायचं?

आधी गावाचा होकार घ्या. वनहक्क कायदा २००६ चा आहे, आणि त्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणारं धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) देशात पहिल्या गावांपैकी. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही तिथली घोषणा शब्दशः घ्या. निर्णय ग्रामसभा सर्वसहमतीनं करते, पाहुण्यांनी आधी कळवावं अशी अपेक्षा असते. बांबू, मध, चारोळी ग्रामसभेकडून किंवा बचत गटाकडून घ्या आणि सांगतील तो भाव द्या.

गोटूल ही गावाची सामायिक जागा आहे. तिथे बैठका होतात, वाद मिटतात, कधी पाहुणेही उतरतात. बाहेरच्यांनी त्याविषयी बऱ्याच चावट गोष्टी पसरवल्या आहेत. त्या मनात घेऊन प्रश्न विचारू नका. कोलाम आणि माडिया यांची नोंद विशेष असुरक्षित आदिवासी समूहांत आहे. त्यांना नाचून दाखवा, जुना पोशाख घाला असं सांगणं अपमानास्पद आहे, पैसे दिले तरीही.

होळीच्या दिवसांत मेळघाटच्या रस्त्यावर कोरकू मंडळी नाचत गाडी थांबवतात आणि फगवा मागतात. हॉर्न वाजवू नका, उतरा, थोडा वेळ बघा, दहा-वीस रुपये आनंदानं द्या. कामासाठी लांब गेलेली माणसं होळीला घरी परततात, त्यांचा तो सर्वांत मोठा सण. कुणी याला लूटमार म्हणतं तेव्हा वाईट वाटतं.

१६. गडचिरोलीत जाणं सुरक्षित आहे का?

ज्या तालुक्यात जायचं तिथल्या पोलीस ठाण्यात किंवा जवळच्या पोलीस मदत केंद्रात निघण्याआधी विचारा. परिस्थिती ठिकाणानुसार वेगळी असते. पोलिसांच्या चौक्या, जवान, पूल यांचे फोटो काढू नका. दिवस मावळण्याआधी मुक्कामी पोचा. पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की भामरागडचा रस्ता तुटतो; पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही, अलीकडेच थांबायचं.

१७. पोळा बघायला येऊ का?

जरूर. श्रावणी अमावास्येला. आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीनं शेकतात आणि त्यांना आवतन देतात: ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात, झडत्या (पोळ्याची गाणी) होतात, मग बैल घरोघरी ओवाळायला जातात. तुम्ही उतरलात त्या घरी बैलजोडी आली तर गड्याला बोजारा (बक्षीस म्हणून पैसे) द्या. बैलाच्या मागून किंवा बाजूनं अचानक हात लावू नका, गर्दीनं आणि वाजंत्रीनं तो बिथरलेला असतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लाकडी बैल घेऊन लेकरांचा. तेव्हा घरी आलेल्या लेकराला खाऊ-पैसे देणं हीच रीत आहे, प्रश्न ९ मधला नियम त्या दिवशी लागू नाही.

१८. झाडीपट्टीतलं नाटक बघायचंय. कसं जमवावं?

भाऊबीजेपासून मंडई (गावोगावची जत्रा) सुरू होते आणि नाटकांचा हंगाम होळीच्या सुमारास आटोपतो. देसाईगंज म्हणजे वडसा हे या रंगभूमीचं केंद्र. नाट्य मंडळांची कार्यालयं तिथेच आहेत, गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावर स्टेशनही. कुठल्या गावी कधी प्रयोग हे तिथे फलकांवर कळतं. या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. शाल, कानटोपी, टॉर्च हवाच. मध्येच उठून जाऊ नका. परतायला गाडीही नसते. मंडईच्या दिवशी गावातलं प्रत्येक घर लेकी-जावयांनी, सोयऱ्यांनी भरलेलं असतं, सोयरिकी जुळतात. म्हणून त्या रात्री कुणाकडे झोपण्या-जेवणाची अपेक्षा ठेवू नका. दुकानात खा आणि मुक्काम वडशाला किंवा ब्रह्मपुरीला ठेवा.

१९. एका घरी उतरलो तर दुसऱ्या वस्तीत जाता येतं का?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, आणि तो विचारायला हवा. बहुतेक गावांत वस्त्या जातीनुसार वेगळ्या असतात. ज्या घरी उतरलात त्या घराला जे गाव दिसतं तेवढंच तुम्हाला दिसतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेनंतर विदर्भातली असंख्य घरं बौद्ध झाली. त्यांचं बुद्धविहार, वाचनालय, जयंती उत्सव हे त्या गावाचंच जगणं आहे.

यजमानाला लपवून काही करू नका. पहिल्याच दिवशी सहज सांगा की, ‘उद्या त्या मोहल्ल्यातही जाऊन येतो.’ चेहरा जरा बदलला तरी वाद घालू नका, बेतही बदलू नका. तिथे चहा दिला तर घ्या, पाणी दिलं तर प्या. तुमचा नकार तिथे केवळ तहान नाही एवढ्यावर थांबत नाही, त्यामागे शतकांचा अनुभव आहे.

२०. बाई एकटीनं किंवा मुलींच्या गटानं जाऊ शकते का?

जाऊ शकते. बचत गटाच्या अध्यक्ष, अंगणवाडी सेविका किंवा आशाताई यांच्यामार्फत गेलात तर सर्वांत निर्धास्त. ‘एकटीच? घरचे?’ असं दहा जण विचारतील. त्यात बहुतेकदा काळजी असते. पोचण्याची वेळ उजेडातली ठेवा. फायदाही मोठा आहे: पुरुष पाहुणा सपरीत बसून राहतो, बाईला चुलीपर्यंत जाता येतं, आणि गावातलं खरं बोलणं तिथेच चालतं.

२१. परत आल्यावर मदतीसाठी फोन येतात. काय करावं?

येणारच, तुम्ही नातं जोडलंत. जागेवर असताना ‘बघतो, करतो’ म्हणू नका, ही पहिली काळजी. गावात शब्द धरून ठेवतात. नोकरी लावण्याचं कबूल करू नका. पैसे उसने मागितले तर परत येणार नाहीत असं धरूनच, झेपेल तेवढे द्या किंवा स्पष्ट नाही म्हणा. टाळत राहणं जास्त लागतं.

माहितीची मदत मात्र खरोखर उपयोगी पडते आणि ती तुमच्या हातात असते. नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात बाह्यरुग्ण विभागाची वेळ काय, कोणते कागद लागतात, वसतिगृहाचा अर्ज कधी निघतो, जात पडताळणीला काय जोडायचं. फोन करणाऱ्याला ‘चौकशी करतो, परवा संध्याकाळी आठला सांगतो’ म्हणा, आणि परवा संध्याकाळी आठला आपणच फोन लावा. आठ ही वेळ बरी, तोपर्यंत शेतातून येऊन हातपाय धुऊन झालेले असतात.